सर्व्हिस शिकवताना आधी मोकळा हात

[दृश्य: उघडा तळहात, त्यावर चेंडू]

टेबल टेनिस शिकायला आलेल्या नव्या मुलाच्या हातात बॅट आली की त्याचं सगळं लक्ष बॅटकडे जातं. सर्व्हिस मात्र सुरू होते ती दुसऱ्या हातातून. म्हणून पहिल्या दिवशी बॅट बाजूलाच ठेवावी.

चेंडू उघड्या तळहातावर मोकळा ठेवायचा, बोटांत धरायचा नाही. हात क्षणभर स्थिर. मग फिरकी न देता चेंडू जवळजवळ सरळ वर उडवायचा, तळहातापासून किमान 16 सेंटीमीटर, आणि खाली येतानाच मारायचा. 16 सेंटीमीटर मुलांना सांगून कळत नाहीत. नेटकडे बोट दाखवा. नेट 15.25 सेंटीमीटर उंच असतं, टॉस त्याच्याहून थोडा वर. सरावात वीस-पंचवीसचा टॉस घ्यावा, म्हणजे पंचांना शंका येत नाही. डोक्याच्या वर टॉस टाकायची मुलांना फार हौस; पण तिथून चेंडू वेगात खाली येतो आणि नेमकी वेळ साधत नाही.

[दृश्य: मुलं रांगेत उभी, टॉस करून झेलताहेत]

टॉस करा, त्याच तळहातावर झेला. हात न हलवता झेल मिळाला तर टॉस सरळ. चेंडू सारखा अंगाकडे येत असेल तर मनगट बघा: मूल बोटांनी चेंडू मागे फेकत असतं. मनगट शांत ठेवून पूर्ण हात उचलायला लावा.

आता उंचीचा प्रश्न, आणि इथे लहान मुलांवर खरंच अन्याय होतो. टेबल 76 सेंटीमीटर उंच. सात-आठ वर्षांचं मूल साधारण 120 सेंटीमीटरचं, म्हणजे त्याचं कोपर जेमतेम टेबलाच्या पातळीला. नियमानुसार सर्व्हिस सुरू झाल्यापासून मारेपर्यंत चेंडू टेबलाच्या पातळीच्या वर आणि एंड लाइनच्या, म्हणजे टेबलाच्या आपल्याकडच्या कडेच्या, मागे हवा. मोठ्यांचं बघून मूल हात कमरेपाशी धरतं, चेंडू टेबलाखाली जातो आणि फाउल होतो. त्याला तळहात छातीसमोर धरायला सांगा.

[दृश्य: टेबलावर दोन कोरे कागद]

मग बॅट. चेंडू मारायचा तो जास्तीत जास्त नेटच्या उंचीला. त्याहून वर मारला तर पलीकडे उंच उसळतो आणि समोरचा स्मॅश मारतो. आपल्या बाजूचा पहिला टप्पा कुठे पडतो, यावर बाकी सगळं ठरतं. लांब, वेगवान सर्व्हिससाठी तो आपल्याच एंड लाइनजवळ हवा. टेबल 2.74 मीटर लांब आहे, ती सगळी लांबी वापरायची. जोरात मारलेल्या चेंडूचा पहिला टप्पा नेटजवळ पडला, तर तो पलीकडे टेबलाबाहेर जातो. छोट्या सर्व्हिसला टप्पा पुढे, नेटच्या बाजूला, आणि जोर अगदी कमी. टप्प्याच्या जागी कागद ठेवा. मुलं कागदावर नेम धरतात आणि तुमच्या सूचना निम्म्या होतात.

बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, आधी जमिनीवर शिकवावा. बॅटचा चेहरा आभाळाकडे कलता, चेंडूचा तळ घासत बॅट पुढे. फिरकी बसली की चेंडू टप्पा घेऊन मागे वळतो. अर्धा चेंडू मार्करने रंगवला तर फिरकी डोळ्यांना दिसते. आवाजही ऐकायला लावा: मोठा ‘टक’ आला तर चेंडू ठोकला गेला, आवाज दबका आला तर घासला गेला. न घासण्याचं कारण बहुतेकदा आवळलेली मूठ असतं. पकड सैल झाल्याशिवाय मनगट फिरत नाही.

[दृश्य: टॉसनंतर बाजूला जाणारा हात, स्लो मोशन]

टॉस झाला की मोकळा हात लगेच बाजूला. पूर्वी खेळाडू हाताआड चेंडू मारत, समोरच्याला बॅटचा स्पर्शच दिसत नसे. 2002 पासून ते बंद झालं. सर्व्हिसबद्दल शंका आली तर पंच पहिल्यांदा लेट देऊन, म्हणजे गुण न देता सर्व्हिस पुन्हा करायला लावून, ताकीद देतात, पुन्हा शंका आली की गुण जातो. फाउल उघड असेल तर पहिल्यांदाच गुण जातो.

एक चूक मात्र सरावातूनच लागते. मुलं टोपलीतले चेंडू एकामागून एक मारत सुटतात आणि सर्व्हिस केली की तिथेच बघत उभी राहतात. सामन्यात सर्व्हिस दोन-दोनच मिळतात, 10-10 झाल्यावर एकेकच. सरावही तसाच घ्या: दोन सर्व्हिस, प्रत्येकीनंतर बॅट समोर आणि पाय पुन्हा तयारीत, मग पाळी पुढच्याची.