शिडांच्या माडीवर

(बडोद्यातल्या मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या बडोद्याला समुद्र नाही. तरी आज एका समुद्रकाठच्या गावाची हकीकत सांगायला उभा आहे. १९५० साली इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे फाइन आर्ट्समध्ये शिकवायला आले, तेव्हापासून चित्रकार आपले शेजारी आहेत. चित्रकार एखाद्या गावात येऊन राहतात तेव्हा तिथे त्यांच्याआधी कोण राहत होतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाही. त्याचं उत्तर मला सेंट आइव्जमध्ये सापडलं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल. तिथलं हे कोळ्यांचं गाव. पिलचर्ड म्हणजे आपल्या तारलीच्या जातीची मासळी, तिच्यावर सगळं चालायचं. डोंगरकड्यावर एक टेहळ्या बसे. पाण्यावर थव्याची सावली दिसली की तो ‘हेव्हा! हेव्हा!’ ओरडे आणि होड्या सुटत. जाळ्याने थवा घेरून उथळ पाण्यात आणायचा. कोकणातली रापण ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं समजवायला नको. मग मासळी खारवायची, पिंपांत दाबून भरायची, निथळलेलं तेल दिव्यांसाठी वेगळं काढायचं. पिंपं जात इटलीला. घरांची रचनाही याच धंद्याची: खाली मासळीचं तळघर, वर माणसं, आणि किनाऱ्यालगत शिडं शिवण्या-ठेवण्याच्या लांबरुंद माड्या.

या माड्या लक्षात ठेवा.

१८७७ साली रेल्वे आली. गावाची मासळी झटपट बाहेर जावी हा एक हेतू होता, पण त्याच डब्यांतून हवा खायला येणारे लोक उतरू लागले. वर्षभरात रेल्वे कंपनीने टेकडीवरचा ट्रेजेन्ना कॅसल भाड्याने घेऊन तिथे हॉटेल काढलं. पुढे थवे किनाऱ्याकडे येईनासे झाले, माड्या ओस पडू लागल्या. नेमके तेव्हाच चित्रकार येत होते. व्हिसलर आणि सिकर्ट १८८३-८४च्या हिवाळ्यात येऊन गेले. तिथल्या उजेडाची सगळे तारीफ करतात, आणि ती खरीच आहे: गाव समुद्रात घुसलेलं, पाण्यावरून परतलेला प्रकाश भिंतींवर खेळत असतो. पोर्थमिअरचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, म्हणजे तिकडच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. दिवसभर उजेड एकसारखा राहतो, मॉडेलच्या गालावरची सावली तासातासाला सरकत नाही. पण नुसत्या उजेडावर वसाहत वसत नाही. उंच छताची, मोकळी, स्वस्त भाड्याची जागा लागते. ती कोळ्यांच्या पडत्या काळाने दिली. उजेडाचं कौतुक करताना हे विसरलं जातं, म्हणून मी ते आवर्जून सांगतो.

आता आल्फ्रेड वॉलिस. हा माणूस मला फार जवळचा आहे. जन्म १८५५चा. मासेमारी केली, मग गावात जहाजांच्या भंगाराचा धंदा केला. १९२२ साली बायको वारली आणि एकटेपणाला सोबत म्हणून सत्तरीच्या आसपास तो चित्रं काढू लागला. कॅनव्हास नाही, वाण्याकडच्या पुठ्ठ्याचे वाकडेतिकडे तुकडे. रंगही होड्यांना लावायचे. पुठ्ठा जसा फाटलेला असेल तसं चित्र बसवायचं, मूळचा तपकिरी रंग कधी कधी तसाच राखायचा. महत्त्वाची वस्तू मोठी, बिनमहत्त्वाची छोटी. जहाज घरांपेक्षा थोर, कारण समुद्रावर असताना जहाजच सर्वस्व असतं. आपल्याकडच्या जुन्या पोथीचित्रांत देव मोठा आणि भक्त लहान असतो, तसंच हे.

ऑगस्ट १९२८. बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वूड हे दोन तरुण चित्रकार गल्लीतून जात होते. दार उघडं होतं, आत भिंतींवर खिळ्यांनी ठोकलेली चित्रं दिसली. शिकलेल्या चित्रकारांना जे विसरून दाखवायचं होतं, ते हा म्हातारा मुळात शिकलाच नव्हता. निकल्सनच्या पुढच्या कामावर त्या दुपारची छाया आहे, असं मी मानतो. वॉलिस मात्र गरिबीतच राहिला आणि १९४२ साली मॅड्रनच्या निराधारगृहात वारला.

बाकीची नावं तुम्हाला पुस्तकांत मिळतील, मी धावतीच घेतो. १९२०मध्ये बर्नार्ड लीच आणि जपानचे शोजी हामादा यांनी इथे मातीच्या भांड्यांचा कारखाना काढून उतारावरची जपानी भट्टी बांधली. १९३९मध्ये युद्धाच्या तोंडावर निकल्सन आणि शिल्पकार बार्बरा हेपवर्थ आपल्या तिळ्या मुलांना घेऊन या भागात आले. हेपवर्थ पुढे कायमच्या इथल्याच झाल्या. १९७५ साली आपल्या ट्रेविन स्टुडिओतल्या आगीतच गेल्या. त्यांच्या बागेतली शिल्पं आजही झाडांमध्ये उभी आहेत.

१९९३ साली पोर्थमिअरच्या किनाऱ्यावर, जुन्या गॅसच्या कारखान्याच्या जागी, लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाची शाखा उघडली. गर्दी वाढली. बाहेरच्यांनी सुट्टीपुरती घरं घेतली, हिवाळ्यात गल्ल्याच्या गल्ल्या अंधारात राहू लागल्या, गावच्या पोरांना गावात घर परवडेना. २०१६च्या गावातल्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी कौल दिला की यापुढची नवी घरं वर्षभर राहणाऱ्यांसाठीच असावीत. ज्या स्वस्त जागेने चित्रकार आणले, ती त्यांच्या कीर्तीने महाग केली. आपल्याही जुन्या वाड्यांच्या माड्यांवर पोरं कॅनव्हास ताणून बसतात. त्यांचं भाडं किती आहे, हे आपण कधी विचारतो का?

वॉलिसची कबर टेटच्या वरच्या चढावर, समुद्राकडे तोंड करून आहे. तिच्यावरच्या फरशा लीच यांनी घडवल्या. त्यांवर एक दीपगृह आहे. आणि खाली किनाऱ्यावर पोर्थमिअर स्टुडिओ. निकल्सनने तिथल्या पाच नंबरच्या खोलीत काम केलं, त्याच्यामागून १९५८ साली चित्रकार पॅट्रिक हेरन आला. ती इमारत दुरुस्त करून राखली आहे. वरच्या माड्यांवर चित्रकार असतात, आणि खालच्या तळघरांत कोळी अजून आपली जाळी ठेवतात.