अर्धा किलो वाळू
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव. बैलगाड्या पाण्यात.)

हर्णै. तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. मागे समुद्रात दिसतोय तो सुवर्णदुर्ग. बोटी खोल पाण्यात थांबतात, मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात, आणि वाळूवरच बोली सुरू होते. कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येकजण हे टिपतो. आम्हीही टिपलं.

आता जरा खाली बघा. या बायका बसल्यात कशा? उकिडव्या. भाव फुटेपर्यंत उकिडव्या, वाटे लावताना उकिडव्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि घराकडे.

(दृश्य: पाखाडी. पावलं अगदी जवळून.)

घर वरच्या अंगाला. मध्ये ही जांभ्याची पाखाडी, एकही पायरी दुसरीएवढी नाही. चढताना दम लागतो, पण गुडघा बोलतो तो उतरताना. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर सगळं अंग पेलत मांडीच्या पुढच्या स्नायूला ते हळूहळू खाली सोडावं लागतं. तो स्नायू मऊ पडला असेल, तर धक्का जातो थेट सांध्याला.

त्यामुळे दुखतं. दुखतं म्हणून चालणं कमी होतं. चालणं कमी झालं की स्नायू आणखी मऊ पडतो. मग आधी तेल, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, मग कुणीतरी सांगतं, गादी झिजली, आता मुंबईला जाऊन वाटीच बदलावी लागणार.

(दृश्य: पडवी. फिजिओथेरपिस्ट मावशींचा पाय तपासताना.)

या बाई फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातले काही दिवस वाडीवाडीत फिरतात. हातातली प्लास्टिकची पट्टी कोन मोजायची: गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो. साध्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. दुखरी मांडी बारीक निघाली. मावशींना हे नवीन होतं. इतके दिवस सगळे त्यांच्या गुडघ्याकडेच बघत होते.

“मावशी, पाय सरळ. या गुंडाळीवर गुडघा दाबा. एक, दोन, तीन, चार, पाच. सोडा.”

गुडघ्याखाली घडी केलेला पंचा आहे. दाबल्यावर वाटीच्या वरचा स्नायू कसा टणक होतो, बघा. असं 10 वेळा. मग दुसरा पाय दुमडून हा पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा, 5 आकडे धरायचा आणि सावकाश खाली. सावकाश हे महत्त्वाचं. मावशींना घाई फार, पाय धपकन पडतो. बाई पुन्हा उचलायला लावतात.

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे त्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि दाब पडला, दाब सुटला, तरच तो द्रव तिच्यात आतबाहेर होतो, स्पंजासारखा. गुडघा नुसता जपून ठेवला तर तिची उपासमारच. एक्स-रेत झीज दिसली म्हणून तेवढंच दुखेल असंही नाही. बरीच झीज असूनही खुशाल फिरणारी माणसं असतात.

(दृश्य: जुन्या लुगड्याचा तुकडा, सुई-दोरा, किनाऱ्यावरची वाळू.)

पुढची पायरी वजनाची. शहरात घोट्याला बांधायचे पट्टे विकत मिळतात. इथे जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला, दुहेरी शिवला, एक तोंड उघडं ठेवलं. वाळू आधी उन्हात वाळवली, कारण ओली वाळू जड भरते आणि कापड कुजवते. मासे तोलायच्या काट्यावर बरोबर अर्धा किलो. तोंड शिवून टाकलं, दोन्ही टोकांना नाड्या. खर्च शून्य.

मावशी झोपाळ्यावर बसल्या, नातीने पुरचुंडी घोट्याला बांधली. झोपाळा हलता नये, म्हणून नातच धरून बसलीय. पाय समोर सरळ, थांबा, खाली. मोजायचं कामही नातीचं, आणि ती आकडे गाळू देत नाही.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा जास्तीचं दुखणं उरलं, तर पुरचुंडीतलं वजन कमी करायचं, व्यायाम बंद करायचा नाही. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून बाईंना जून-जुलै आवडतात: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, बायका जरा हाताशी लागतात.

(दृश्य: बंदर. पालथ्या क्रेटवर बसलेल्या मावशी.)

धंदा तर सोडता येत नाही. मग बैठक बदलली. माशांचा रिकामा क्रेट पालथा घातला, वर गोणपाट. शेजारणी हसल्या. नंतर त्यांतल्याच दोघींनी आपापले क्रेट ओढले.

पाखाडीचाही नियम आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. अंगावरचं 1 किलो वजन उतरलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोंनी कमी होतो.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघ्याचा संधिवात असलेल्या 156 रुग्णांपैकी निम्म्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि निम्म्यांना फिजिओथेरपी दिली गेली. वर्षानंतर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं. इंजेक्शन कुठेही मिळतं. ही बाई मात्र प्रत्येक वाडीत पोचत नाही.

(दृश्य: मावशी पाखाडी उतरताना.)

मावशींचं दुखणं पुष्कळ कमी झालं. काही गुडघ्यांना ऑपरेशन लागतंच. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, सांधा अडकला किंवा पाय टेकवेना, तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर.

पुढच्या आठवड्यापासून मावशींच्या पुरचुंडीत पाऊण किलो.