कानाला हात

(माथेरानमधल्या घोडेवाल्यांसमोर एका पशुवैद्यकाने दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, मराठीत आपण कानाला हात लावतो तो चूक कबूल करायला. म्हणून मी सुरुवात माझ्याच कानाला हात लावून करतो.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. धनुर्वाताच्या लसीचं शिबिर होतं. चाळीसेक जनावरं रांगेत आणि ऊन चढत चाललेलं. एक तपकिरी खेचर काही केल्या मान देईना. मदतनिसाने विचारलं, "कान धरू का?" मी म्हटलं, "धर." त्याने डावा कान मुठीत घेऊन पिळला, खेचर जागच्या जागी थिजलं, मी सुई टोचली आणि पुढच्या जनावराकडे वळलो. पुढच्या वर्षी त्याचा मालक मला शोधत आला. खेचर आणलंच नव्हतं. म्हणाला, "साहेब, सुई तुम्ही मानेत दिलीत, पण वर्षभर मी कानाचं भोगतोय. कानाला हातच लावू देत नाही. रोज लगामाचा पट्टा सोडायचा, कानामागून फिरवायचा आणि पुन्हा बांधायचा. त्यातही दोनदा नाकावर टोला खाल्ला."

तुमच्यातले कितीतरी जण आजही कान पिळतात. थोबाड फिरवू नका, मला माहीत आहे. जनावर उभं राहतं म्हणून आपल्याला वाटतं की शांत झालं. वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पीळ देतात, तीही काही प्रेमाची गोष्ट नाही. पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही प्रकार ताडून पाहिले होते. ओठाच्या फासाने पहिली पाचेक मिनिटं हृदयाचे ठोके खाली आले, त्यानंतर ते चढायला लागले. कान पिळल्यावर मात्र ठोके पहिल्यापासूनच वाढले. म्हणजे ते शांत झालेलं नसतं, भीतीने आणि दुखण्याने गोठलेलं असतं. आणि पुढच्या वेळी तुमचा हात वर जाताना दिसला की त्याला तेच आठवतं.

खरं तर तो हात नीट दिसतच नाही, ही आणखी एक गोम. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट शेपटीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. तुम्ही समोर उभे राहून हात वर नेलात की तो मध्येच गायब होतो आणि एकदम कानावर उगवतो. आपल्या डोक्यामागून कुणी असा हात घातला तर आपणही दचकू.

सगळा दोष पिळण्याचाच असतो असंही नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथे मारवाडी जातीच्या घोड्याच्या कानांची टोकं एकमेकांना टेकतात का हे बघायला दिवसभर येईल तो गिऱ्हाईक कान चाचपतो. चौथ्या दिवशी त्या घोड्याने दात दाखवले तर नवल काय!

पण शिकवायला लागण्याआधी कान दुखत तर नाही ना, ते बघा. कालपर्यंत कान देणारा घोडा आज देत नसेल तर आधी डॉक्टर, मग शिकवणी. आत गोचीड असते. पावसाळ्यात बारीक चावऱ्या माश्या कानाच्या पाळीला आतून रक्त निघेपर्यंत चावतात. काहींच्या कानात पांढुरके, खवल्यासारखे चट्टे येतात. ते विषाणूमुळे येतात, या माश्या तो पसरवतात असं मानतात. ते नखाने खरवडू नका. खालची कातडी गुलाबी, हुळहुळी असते. क्वचित कानाच्या मुळाशी बारीक भोक असतं आणि त्यातून चिकट पाणी झिरपतं. असं एक शिंगरू मी पाहिलंय. आत चक्क दाताचा तुकडा निघतो, जन्मतःच भलत्या जागी वाढलेला. असल्या कानाला कितीही गोंजारलंत तरी काय होणार? आणि कानातले केस शोभेसाठी कात्रीने साफ करू नका. माश्यांना अडवायला देवाने तेवढाच पडदा दिलाय.

आता दुखत नाहीये, फक्त भीती आहे, असं धरू. जनावर खांबाला आवळून बांधू नका. कुणाला तरी सैल धरायला सांगा. दोर हाताला गुंडाळायचा नाही. उभं राहायचं खांद्याजवळ, तोंडासमोर नाही. हाताची मागची बाजू आयाळीच्या कडेकडेने वर न्या. कुठेतरी त्याची मान ताठ होईल, ओठ आवळले जातील. ती त्याची हद्द. हात तिथेच ठेवा. दाबू नका, पुढे सरकू नका. मान जराशी सैल पडली की लगेच हात काढून घ्या. पुन्हा वर, पुन्हा परत.

सगळं कसब हात काढण्यात आहे. जनावराने मान झटकली आणि तुमचा हात निघाला, तर आपण म्हणतो हात निसटला. ते काय शिकलं? मान झटकली की हात जातो. उद्या ते आणखी जोरात झटकेल. म्हणून मान वर गेली तर हातही तिच्याबरोबर हलका वर जाऊ द्या. नाहीच जमलं तर मघाशी त्याला चालली होती त्या जागी टेकवा, शांत होऊ द्या आणि मग काढा. कानापर्यंत पोचलात की मूठ मिटायची नाही. मनगट आणि हाताची पाठ कानावरून घसरत जाऊ द्या, जणू खराऱ्याचाच हात फिरतोय. आतल्या बाजूला बोट घालायचं नाही. गूळ द्यायचा तर कानाला हात लागल्यावर. आधी दाखवलात तर ते गुळाकडे बघतं, कान तसाच राहतो.

दिवसाला दहा मिनिटं पुरतात. तोवर त्या मालकासारखा लगाम सोडून चढवा, त्यात कमीपणा काही नाही. कान तयार झाला की मुळाशी धरून अलगद पुढे वाकवायचा आणि पट्टा वरून न्यायचा, एकेक कान. पट्टा दोन भोकं सैल करून घ्या. घट्ट पट्ट्यातून कान ओढून काढणं हेसुद्धा पिळणंच. पावसाळ्यात धंदा थंडावतो, तेव्हा हे काम घ्या. मे महिन्यात गिऱ्हाईक दारात उभं असताना नको.

खेचराचं थोडं वेगळं. आई घोडी, बाप गाढव. लांब कान बापाकडून आलेले. घोडा घाबरला की पळू बघतो. खेचर आधी थांबतं, तुम्हाला न्याहाळतं, आणि नाहीच पटलं तर लाथ मारतं, तीही बाजूला, नेमकी. दस्तुरीवरून, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यावरून, सिमेंट आणि गॅसच्या टाक्या वाहणारी ही जनावरं दिवसभर कुणा ना कुणाच्या घाईत असतात. घोड्याला आठवडा लागला तर खेचराला महिना धरा.

ते तपकिरी खेचर? मालकाने कोपऱ्यात घालून काही उपयोग झाला नाही. मी दर रविवारी जात होतो, पाच आठवडे. पहिल्या रविवारी त्याने मला खांद्याच्या पुढे येऊच दिलं नाही. पाचव्या रविवारी उजवा कान दिला. डावा मात्र मला शेवटपर्यंत दिला नाही. मालकाला दिला.

बरं, बाहेर पिंपळाखाली पांढरी घोडी उभी आहे, तिचं प्रात्यक्षिक करू. एका वेळी पाचच जण पुढे या. छत्र्या इथेच ठेवा, आणि त्या पोराला सांगा, मोबाइल तिच्या डोक्यावर धरू नकोस.