वाडगा धरणारा हात

श्रोतेहो, नमस्कार.

स्वयंपाकघरात पीठ कालवणाऱ्या हाताकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्याच वेळी भांडे धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या हाताकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आज मला त्या दुसऱ्या हाताविषयी बोलायचे आहे. मी नागपुरात राहते, भांड्यांच्या घडणीचे काम करते, आणि ज्यात पीठ कालवता येईल, फेटता येईल आणि ज्यातून ते न सांडता ओतता येईल असा एक साधा वाडगा कसा असावा, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या कामाच्या केंद्रस्थानी आहे.

त्याची सुरुवात आमच्या ओट्यापाशी झाली. मे महिन्यातली सकाळ होती, आणि आपल्याकडचा मे म्हणजे नऊ वाजताच कपाळावरून घाम निथळायला लागतो. आईने इडलीचे वाटलेले पीठ स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, हाताने फेटले आणि ते फ्रिजमध्ये ठेवायच्या डब्यात ओतायला घेतले. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात. तिने गंज काठाला धरून उचलला, तेव्हा उजव्या हाताची चार बोटे बाहेरून होती आणि अंगठा आत, थेट पिठात, पहिल्या पेरापर्यंत बुडालेला होता. डावा हात तळाशी होता, पण तळ गुळगुळीत आणि तळवा घामेजलेला, त्यामुळे गंज तिरका होताच हातातल्या हातात फिरला. पिठाची धार डब्यात पडण्याऐवजी काठावरून मागे वळली, गंजाच्या पोटावरून ओघळत बुडापर्यंत गेली आणि तिथून आईच्या मनगटावर, बांगड्यांमध्ये उतरली. तिने गंज खाली ठेवला, बाहेरून ओघळलेले पीठ बोटाने निपटून डब्यात टाकले आणि म्हणाली, “याला धरायला जागाच नाही गं.”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि ते किती खरे आहे हे साध्या हिशेबाने दाखवता येते. समजा, 26 सेंटिमीटर व्यासाच्या वाडग्यात पीठ आणि वाडगा मिळून अडीच किलो वजन आहे. आपण एका बाजूचा काठ धरला, तर ते सगळे वजन हातापासून 13 सेंटिमीटर लांब, वाडग्याच्या मध्यावर लोंबकळते. ते तोलण्यासाठी अंगठा काठ आपल्याकडे ओढतो आणि त्याखाली जेमतेम 5 सेंटिमीटरवर टेकलेली बोटे वाडग्याची भिंत पलीकडे रेटतात. अडीचला 13 ने गुणून 5 ने भागले की साडेसहा येतात. म्हणजे अडीच किलोचा वाडगा एका हाताने काठाला धरणाऱ्या बाईचा अंगठा प्रत्यक्षात साडेसहा किलोचा जोर लावत असतो. ज्या सांध्यांना सूज आहे त्यांनी हे रोज करावे, अशी अपेक्षा आपण वर्षानुवर्षे बिनदिक्कत करत आलो आहोत.

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी 1956 साली माणसाच्या हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले. एक मुठीची पकड, जिच्यात वस्तू तळव्याला टेकते आणि जोर लावता येतो. दुसरी चिमटीची, जिच्यात अंगठा आणि बोटांची टोके नाजूक, नेमके काम करतात. सुईत दोरा ओवायला चिमूट हवी आणि कुऱ्हाड चालवायला मूठ. आपल्या वाडग्यांनी मुठीचे काम चिमटीवर टाकले आहे, हा त्यांच्या घडणीतला मूळ दोष आहे.

आपल्याच घरातला तांब्या घ्या. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले आणि 1958 साली त्यांनी जो अहवाल दिला, त्यातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत मनापासून वाखाणलेली वस्तू म्हणजे आपला तांब्या. रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, भरल्यावर कसा, ओतताना तो कलला की कसा, धरणारा हात कोणाचा आणि केवढा, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याभोवती मांडले. तांब्याला गळा आहे, म्हणून बोटे आपोआप त्या गळ्यात बसतात. वाडग्याला गळा देता येत नाही, कारण त्यात हात, डाव किंवा रवी मोकळेपणाने फिरायला हवी आणि त्यासाठी तोंड पसरटच लागते. तेव्हा गळ्याने जे काम केले असते, ते वाडग्याच्या दुसऱ्या कुठल्या तरी अवयवाकडून करून घ्यावे लागते, आणि तो अवयव शोधणे हेच खरे काम आहे.

सहज सुचणारे उत्तर म्हणजे दांडी. ते निम्मेच बरोबर आहे. दांडी जितकी बाहेर काढावी तितके वजन हातापासून आणखी लांब जाते आणि मनगटावरचा ताण वाढतो. लांब दांडीचा जड वाडगा दिसायला सोयीचा आणि वापरायला त्रासाचा ठरतो. मी केलेल्या दुसऱ्या नमुन्यात हीच चूक होती. म्हणून दांडी आखूड, भिंतीला लगटून, वरून खाली उतरणारी असावी. चार बोटे मावण्यापुरती, म्हणजे 9 ते 10 सेंटिमीटर उंच, आणि मूठ पूर्ण मिटण्याच्या थोडी आधी भरेल इतकी, साधारण 3 ते 4 सेंटिमीटर जाड. स्टीलच्या पट्टीची बारीक दांडी हातात रुतते. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी संधिवात असलेल्या आपल्या पत्नीला, बेट्सींना, साल काढायचे साधन धरताना त्रास होतो हे पाहिले आणि त्यातून 1990 साली ऑक्सो या नावाने जाड, मऊ, रबरासारख्या मुठीची साधने बाजारात आणली. ती अधू हातांसाठी म्हणून केली होती, पण धडधाकट माणसांनीही ती आवडीने घेतली, कारण जी मूठ दुखऱ्या हाताला सोसते ती ओल्या, तुपकट किंवा घामेजल्या हातालाही सोसते. नागपूरच्या उन्हाळ्यात प्रत्येक हात थोडा अधू असतो, असे मी म्हणेन.

दांडीपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती बैठक, म्हणजे वाडग्याच्या बुडाखालची कडी. एक-दीड सेंटिमीटर उंचीची कडी असली, की ओतताना दुसऱ्या हाताची बोटे तिच्या आत अडकतात आणि वाडगा फिरत नाही. आईच्या गंजाला तेवढी कडी असती, तर त्या दिवशीचा निम्मा घोटाळा टळला असता. या कडीचे दुसरे काम म्हणजे वाडगा जागेवर ठेवणे. आपल्या आज्या गोल बुडाच्या भांड्याखाली चुंबळ ठेवत, ती याच कामासाठी. आजही पीठ जोराने फेटताना आपण भांड्याखाली ओले फडके दुमडून ठेवतो. तेच फडके सिलिकॉनच्या कड्याच्या रूपाने बुडाला कायमचे बसवता येते, फक्त ते काढून धुता आले पाहिजे, कारण त्या खाचेत पीठ आणि पाणी साचले तर उन्हाळ्यात दोन दिवसांत वास येतो.

आणि ही बैठक ठरवताना आपल्याकडे सगळ्याच बायका ओट्याशी उभ्या राहून काम करत नाहीत, हे विसरून चालणार नाही. आपली, उलट्या मडक्यावर भाजायची लांब रोटी करणाऱ्या बायका जमिनीवर बसून सैल कणीक आपटून-आपटून मळतात, तेव्हा भांडे अंगाकडे कललेले आणि तरीही पक्के असावे लागते. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या टी. जी. ग्रीन या कारखान्याने ‘ग्रिपस्टँड’ नावाचा चिनी मातीचा वाडगा केला होता, त्याच्या बुडाजवळची एक बाजू सपाट छाटलेली असे, म्हणजे वाडगा त्या बाजूवर कलता ठेवून फेटता येत असे. ही युक्ती मला आपल्या बसून काम करण्याच्या पद्धतीला फार जवळची वाटते.

धरणे आणि ओतणे यांचा एकत्र विचार ज्या वाडग्यात मला पहिल्यांदा दिसला, तो डेन्मार्कचा ‘मार्ग्रेथे’ वाडगा. सिग्वार्ड बर्नादोत आणि अॅक्टन ब्यॉर्न यांच्या कार्यालयात 1950 च्या दशकात त्याची रचना झाली. बर्नादोत यांची भाची, पुढे 1972 साली डेन्मार्कची राणी झालेली राजकन्या मार्ग्रेथे, हिचे नाव त्याला दिले. मेलामाइनचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा, हा वाडगा आजही विकला जातो. त्याच्या एका बाजूला चोच आहे आणि तिच्या बरोबर समोर पकडीची जागा, त्यामुळे डावरा असो की उजवा, दोघांनाही तो सारखाच वळतो. बुडाला रबराचे कडे आहे.

आता चोचीकडे येते, कारण सांडण्याचे मूळ तिथे आहे. भांड्यातून हळू ओतले की धार काठाला चिकटून मागे का वळते, या प्रश्नाला शास्त्रज्ञ मार्कुस रायनर यांनी 1956 साली ‘चहादाणी परिणाम’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी गणितज्ञ जोसेफ केलर यांनी दाखवले की काठाभोवती वळताना द्रवातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि मग बाहेरची हवाच त्या धारेला भांड्याकडे ढकलते. 2010 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी यात आणखी भर घातली: काठाचा पृष्ठभाग द्रवाने किती भिजतो यावरही हे ओघळणे अवलंबून असते, आणि काठ अजिबात न भिजणारा असेल तर धार सरळ सुटते. या सगळ्याचा स्वयंपाकघरातला अर्थ असा, की धार वेगाने आली आणि काठ पातळ, धारदार असला तर ती सुटते. धार मंद असली आणि काठ जाड, गोल असला तर ती मागे वळते. इडलीचे किंवा धिरड्याचे पीठ घट्ट, म्हणजे मुळातच मंद. त्यात गंजाच्या रुंद तोंडावरून ते पातळ पट्टीसारखे पसरून येते, म्हणून आणखी मंद. आणि स्टीलच्या भांड्याचा काठ तर मुद्दाम गोल वळवलेला असतो. तीनही गोष्टी एकाच वेळी विरुद्ध जातात. त्यात हाताच्या हुशारीचा किंवा वेंधळेपणाचा प्रश्न नाही.

चोच पीठ एका अरुंद जागी गोळा करते, त्यामुळे धार जाड होते आणि तिला वेग येतो. चोचीचे टोक किंचित खाली झुकलेले आणि पातळ ठेवले, की ओतणे थांबवताना शेवटचा थेंबही तिथेच तुटतो. पण पातळ काठ हाताला कापतो, म्हणून तो चोचीपुरताच ठेवायचा आणि बाकी घेराला गोल वळण द्यायचे. त्या वळणातही एक खोच आहे: पत्रा पूर्ण मिटून वळवला नाही, तर आत पोकळी राहते, तिथे घासणी पोहोचत नाही आणि साचलेले पाणी पुढच्या वेळी पिठात टपकते.

मग चोच सगळ्याच वाडग्यांना का नसते? नागपूरच्या इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानांत मी हा प्रश्न अनेकदा विचारला, आणि शेजारच्या भंडाऱ्यात, जिथली पितळी भांडी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहेत, तिथल्या कारागिरांशीही त्यावर बोलले. उत्तर यंत्रात आहे. गोल भांडे फिरत्या साच्यावर पत्रा दाबून एका दमात आकाराला येते, कारण ते सगळीकडून सारखे असते. चोच म्हणजे त्या सारखेपणात मुद्दाम आणलेला फरक; त्यासाठी वेगळा ठसा, वेगळा दाब, वेगळा माणूस लागतो, आणि भांडे वजनावर विकले जात असताना या मेहनतीचे पैसे गिऱ्हाइकाकडून मागायचे कसे, हा दुकानदाराचा प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की मनगटावरून बांगड्यांत उतरलेल्या पिठाचाही कुणीतरी हिशेब धरावा.

कशाचा वाडगा करावा, यावर मी थोडक्यातच सांगते. मेलामाइन हलके आणि हाताला उबदार, पण ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये आणि कुरडईच्या उकळत्या चिकासारख्या पदार्थासाठी तर वापरूच नये. काच आणि चिनी माती जागेवरून हलत नाहीत, मात्र दुखऱ्या हाताला त्यांचे वजन नको असते. आपल्या घरांत स्टीलच टिकते, म्हणून मी स्टीलवर थांबले. आत बूड आणि भिंत जिथे मिळतात तिथला कोपरा डावाच्या वळणाला जुळेल इतका गोल घेतला, नाही तर तिथे बेसनाच्या गुठळ्या दबून राहतात.

सध्या माझा चौथा नमुना आईच्या ओट्यावर आहे. दांडी आखूड आहे, बैठकीत तिची बोटे बसतात, आणि अंगठा पिठाबाहेर राहतो. भज्यांचे पीठ, ताकाची कढी, धिरड्याचे पीठ हे सगळे चोचीतून नीट सुटते. इडलीचे फुगलेले पीठ मात्र अजूनही चोचीशी घुटमळते. त्यासाठी चोच आतल्या बाजूने आणखी खोल आणि थोडी रुंद करावी लागेल असे दिसते. आईचे म्हणणे वेगळे आहे. तिच्या मते चोच ठीक आहे, दांडीच बोटभर खाली सरकवायला हवी, म्हणजे वाडगा पूर्ण कलताना मनगट एवढे वर उचलावे लागणार नाही. पाचव्या नमुन्यात मी आधी दांडी सरकवणार आहे.

नमस्कार.