दोन थेंब, एकच दिवस: डॉ. हर्षवर्धन यांची वाटचाल

२ ऑक्टोबर १९९४. दिल्लीत एकाच दिवशी तीन वर्षांखालच्या दहा लाखांहून अधिक मुलांना पोलिओची लस पाजली गेली. मोहिमेच्या मागे होते राज्याचे आरोग्यमंत्री, डॉ. हर्षवर्धन. कानपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेत एमएस केलेले डॉक्टर, आणि जेमतेम वर्षभरापूर्वी पहिल्यांदा निवडून आलेले आमदार.

लस तर आधीपासून होतीच. मग अडत कुठे होतं?

तोंडावाटे दिलेल्या लसीतला विषाणू जिवंत असतो, फक्त कमजोर केलेला. तो बाळाच्या आतड्यात वाढला, तरच संरक्षण मिळतं. आतड्यात आधीच दुसरे विषाणू ठाण मांडून असतील, जुलाब सुरू असतील, तर डोस पाजूनही लागू पडत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा पाजायचा. आणि सगळ्यांना एकाच वेळी पाजायचा. एका बाळाला आज आणि शेजारच्याला तीन महिन्यांनी डोस मिळाला, तर रोगाचा विषाणू या पोटातून त्या पोटात फिरतच राहतो. ‘पल्स पोलिओ’ या मोहिमेच्या नावातला ‘पल्स’ म्हणजे हा एकत्र घाव. डिसेंबरमध्ये दिल्लीत दुसरी फेरी झाली, आणि १९९५ पासून मोहीम देशभर गेली.

पुढे तिची शिस्त पक्की होत गेली. बर्फाच्या पिशव्या लावलेल्या डब्यातून कुपी बूथवर येते. लेबलवर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो; तो वर्तुळाच्या रंगाला भिडला की कुपी बाद. डोस दिला की डाव्या करंगळीवर शाईची खूण. नंतर घरोघर फेरी: सगळी मुलं झाली तर दारावर खडूने ‘पी’, एखादं राहिलं तर ‘एक्स’. खरी कसोटी त्या ‘एक्स’च्या घरी परत जाण्यात असते.

तरीही उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये रोग हटेना. दाट वस्ती, सांडपाणी, सततचे जुलाब. त्यातच पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार, आणि तिन्ही प्रकारांच्या एकत्रित लसीत दुसऱ्या प्रकारचा विषाणू बाकीच्या दोघांना वाढू देत नव्हता. २००५ मध्ये एकाच प्रकाराची आणि २०१० मध्ये पहिल्या व तिसऱ्या प्रकारांची लस आली, तेव्हा चित्र पालटलं. २००९ मध्ये ७४१ रुग्ण. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये, हावडा जिल्ह्यात. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

दोनच महिन्यांनी, चांदनी चौकातून खासदार झालेले डॉ. हर्षवर्धन केंद्रीय आरोग्यमंत्री झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्यात हलवलं गेलं. २०१९ मध्ये आरोग्य खातं पुन्हा त्यांच्याकडे आलं. ई-सिगारेटवर बंदी आली, वैद्यकीय शिक्षणावर देखरेख करणाऱ्या मेडिकल कौन्सिलच्या जागी आयोग नेमणारा कायदा झाला. मे २०२० मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले.

कोविडचं गणित मात्र निराळं होतं. मार्च २०२१ मध्ये साथ अखेरच्या टप्प्यात असल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्यांच्याच दिल्लीत रुग्णालयं ऑक्सिजनसाठी हाका मारत होती. पोलिओच्या फेरीची तारीख मंत्रालय ठरवत होतं, तयारीला महिने मिळत होते. इथे तारीख विषाणूच्या हातात होती, आणि तयारी कमी पडली.

७ जुलै २०२१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेची उमेदवारी न मिळाल्यावर, त्यांनी राजकारण सोडून दिल्लीतल्या कृष्णा नगरच्या आपल्या ईएनटी (कान-नाक-घसा) दवाखान्यात परतणार असल्याचं जाहीर केलं.