नुसतं बघायला आलोय

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: फुटपाथवरची रांग. पितळी खांब, मखमली दोरी. दारात काळ्या सुटातला माणूस, कानात वायर.]

चैनीच्या वस्तूंचं हे दुकान उघडून तास होत आला आणि रांग पार कोपऱ्यावरून वळून पलीकडे गेलीय. आत किती गिऱ्हाईकं आहेत? काचेतून मोजता येतात. चार. दुकान एवढं मोठं, की शंभर माणसं सहज मावतील.

दारातल्या माणसाचा प्रश्न ठरलेला. अपॉइंटमेंट आहे? ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी दोरीचा हूक निघतो. ज्याच्याकडे नाही त्याला तो नाही म्हणत नाही, हे बघण्यासारखं आहे. हसतो, जरासा झुकतो आणि एक जाड कार्ड पुढे करतो. त्यावरचा कोड स्कॅन करायचा, नाव-नंबर भरायचा, काय बघायचंय ते लिहायचं. वेळ मिळाली की मेसेज येईल. कोणाचा अपमान झालेला नाही. आत मात्र कोणी गेलेलं नाही.

[दृश्य: आतली बाजू. जाड गालिचा, त्यावर बुटांचे ठसे उमटतात आणि विरतात.]

ज्यांची वेळ ठरलेली असते त्यांच्यासाठी आत काय चालतं ते आम्हाला टिपता आलं, एका अटीवर. दुकानाचं नाव दिसायचं नाही आणि कोणाचा चेहराही. त्यामुळे पुढची काही मिनिटं तुम्हाला फक्त हात दिसतील. तसंही या धंद्यात बघायचे ते हातच.

[दृश्य: टॅबलेटवर सरकणारं बोट.]

बाई यायला अर्धा तास आहे. सेल्सवुमन त्यांची कुंडली उघडून बसलीय. आधी काय घेतलं, कोणत्या मापाचं, कोणता रंग परत केला, वाढदिवस कधी, मागच्या खेपेला बरोबर कोण होतं आणि निर्णय त्या दोघांपैकी कोणी घेतला. हे सगळं तिनंच लिहिलेलं, प्रत्येक भेटीनंतर, गिऱ्हाईक दाराबाहेर पडल्या पडल्या. ती उद्या नोकरी बदलून दुसऱ्या ब्रँडकडे गेली तर टॅबलेट इथेच राहील. फोनमधली ओळख मात्र तिच्याबरोबर जाईल, आणि पुष्कळदा गिऱ्हाईकही.

[दृश्य: मागची खोली. छतापर्यंत खोकी. शिडी.]

पुढच्या कपाटांत मोजकाच माल असतो, एका फळीवर एक बॅग. बाकीचा सगळा इथे, कापडी पिशव्यांत, पिशव्या खोक्यांत. त्यातून ती पाच-सहा नग काढते आणि त्यांचा क्रम लावते. बाईंनी फोनवर विचारलेली बॅग तिसरी ठेवली. पहिल्या दोन बघताना नजर बसते, किमतीची सवय होते, मग तिसरी आली की ती बरोबर वाटते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही, असं ती म्हणाली. आमचा त्यावर फारसा विश्वास बसला नाही.

[दृश्य: मखमली ट्रे. पांढरे हातमोजे. अंगठी, मग दुसरी.]

दागिना असेल तर ट्रे येतो. मखमल चढवलेला, कडेला काठ, म्हणजे खडा घरंगळला तरी खाली जात नाही. एका वेळी दोन-तीनच नग. नवा ठेवायचा तर आधीचा उचलायचा. बघणाऱ्याला ही ऐट वाटते. मूळ कारण साधं आहे: मोजणी चुकू नये.

बॅग असेल तर आधी पिशवीची नाडी सुटते. मग टिश्यू कागद.

[आवाज: कागदाची चुरचुर. निवेदन थांबतं.]

हातमोज्यातला अंगठा आता शिवणीवरून फिरतोय. टाके जरा तिरके दिसतायत ना? एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर पार करायच्या. घोड्याची खोगिरं अशी शिवत. एका जागी दोरा झिजून तुटला तरी शेजारचा टाका धरून राहतो, शिवण उसवत जात नाही. मशीनच्या टाक्यात खालचा आणि वरचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की दुसरा सैल पडतो. हे सांगताना तिचे हात सगळ्यात मोकळे झाले. विक्री विसरून ती शिकवत होती.

भिंतीवर घड्याळ नाही. पाण्याचा ग्लास आला, तो रिकामा व्हायच्या आत दुसरा आला. पाऊण तास एक माणूस फक्त तुमच्यासाठी उभं आहे, तुमच्या मुलीचं नाव त्याला पाठ आहे, मागच्या महिन्यातली तुमची पाठदुखीही. भीड भिकेची बहीण म्हणतात. एवढ्या पाहुणचारानंतर हात हलवत उठून दाखवा.

[दृश्य: जुनं रेखाचित्र. घेरदार झगे, आरसे, गॅसचे दिवे.]

ही खोली आजची नाही. पॅरिस, १८५८. रू द ला पे या रस्त्यावर चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या इंग्रज माणसानं भागीदाराबरोबर कपड्यांचं दुकान काढलं. तोवर बड्या घरच्या बायकांकडे कपडे शिवणाऱ्या स्वतः जात. वर्थनं ते उलटं केलं: तुम्ही माझ्याकडे या. त्याच्याकडे एक खोली होती, पडदे दिवसाही ओढलेले, आत फक्त गॅसचे दिवे. रात्रीच्या नाचात झगा कसा दिसेल ते भर दुपारी कळावं म्हणून. जिवंत मॉडेल्सच्या अंगावर कपडे घालून दाखवायची रीत त्यानंच रुळवली.

ती परंपरा आजही चालू आहे. फ्रान्समध्ये ‘ओत कुतूर’, म्हणजे उंची शिवणकाम, ही संज्ञा १९४५ पासून कायद्यानं राखून ठेवलेली आहे. गिऱ्हाइकाच्या मापानं, फिटिंग घेऊन कपडा शिवला तरच ती लावता येते. तिथे वेळ ठरवूनच जावं लागतं आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही. माप घ्यायचं तर माणूस मोकळा हवा. पण खोक्यात तयार पडलेल्या बॅगेला कसलं माप?

[दृश्य: बाँ मार्शे. एकमेकांना छेदत जाणारे सरकते जिने. वर काचेचं छत.]

आता वेळ न ठरवता आलेली माणसं बघू. हे पॅरिसमधलंच बाँ मार्शे, एका छताखाली सगळं मिळणारं मोठं दुकान. या जिन्यांवरच्या लोकांचं निरीक्षण करायला आम्हाला फार मजा आली, म्हणून हे दृश्य जरा लांबलंय. हा गृहस्थ बघा. तिसऱ्यांदा वर चाललाय, हातात काहीच नाही. या दोन मैत्रिणी टोप्या घालून एकमेकींना हसतायत, टोप्या जागेवर ठेवून पुढे गेल्या. या आजींनी एकाच शालीला जाताना आणि येताना, दोन्ही वेळा हात लावला.

हे सगळं करता येणं हीसुद्धा एकेकाळी नवलाई होती. जुन्या दुकानांत माल काउंटरमागच्या खणांत असायचा. आत शिरलात म्हणजे तुम्हाला काही घ्यायचंय, असं धरलं जाई. मागायचं, मग तो काढून दाखवणार, मग घासाघीस, आणि काहीच न घेता बाहेर पडणं म्हणजे दुकानदाराचा वेळ खाल्ला. भिडेखातर लोक रिबिनीचा तुकडा तरी घेऊन निघत.

१८५२ मध्ये अरिस्तीद बुसिको हा टोप्या करणाऱ्याचा मुलगा बाँ मार्शेत भागीदार झाला. वस्तूवर किंमत लिहिलेली, सगळ्यांना सारखी. कोणीही आत या, फिरा, घ्यायची सक्ती नाही. नको वाटलं तर परत आणा. यातली प्रत्येक गोष्ट त्यानं पहिल्यांदा केली असं नाही, तुकड्यातुकड्यानं ती इतरत्र चालू होती. त्यानं ती एकत्र आणली आणि तिच्याभोवती लोखंडाची, काचेची इमारत उभी केली. आत वाचनाची खोलीसुद्धा होती. बायको खरेदी करीपर्यंत नवऱ्यानं वर्तमानपत्र वाचत बसावं.

परोपकार नव्हता तो. बुसिकोला पक्कं ठाऊक होतं की फिरणारा माणूस कधीतरी घेतो. पण ‘कधीतरी’ एवढ्यावर त्यानं दार उघडं टाकलं, ही गोष्ट छोटी नाही.

[दृश्य: लंडन, बर्लिंग्टन आर्केड. उंच टोपी घातलेला रखवालदार.]

हे लंडनचं बर्लिंग्टन आर्केड, दुकानांची छत असलेली गल्ली, १८१९ सालची. इथे दार उघडं, पण वागणुकीचे नियम आहेत. शीळ घालायची नाही, पळायचं नाही. सुरुवातीचे रखवालदार मालकाच्या जुन्या पलटणीतले सैनिक होते. टोपी इतकी देखणी की आमच्या कॅमेऱ्यानं तिच्यावरच मुक्काम केला.

[दृश्य: जुना फोटो. दुकानाच्या आत उभं विमान, भोवती गर्दी.]

आणि हे सेल्फ्रिजेस. ऑक्सफर्ड स्ट्रीट, १९०९. मार्चमध्ये दुकान उघडलं. जुलैत लुई ब्लेरियो विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून आला, आणि हॅरी गॉर्डन सेल्फ्रिजनं ते विमानच दुकानात आणून ठेवलं. चार दिवसांत सुमारे दीड लाख माणसं बघून गेली. विमान विकायचं नव्हतं. त्या गर्दीतल्या कोणालाही दारात ‘काय बघायचंय’ असं विचारायची गरज पडली नाही.

[दृश्य: पुन्हा आजचा रस्ता. ब्रँडच्या दुकानांसमोरच्या तीन रांगा, एकामागून एक.]

मग दोऱ्या परत कशा आल्या? पूर्णपणे गेल्या नव्हत्याच. अमेरिकेत बेव्हर्ली हिल्सच्या रोडिओ ड्राइव्हवर बिजान पाकझाद यांनी १९७६ मध्ये पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं, तेच मुळी अपॉइंटमेंटवर. बाहेर पिवळी रोल्स-रॉइस उभी असायची. पर्यटक तिचा फोटो काढून पुढे जायचे.

२०२० च्या साथीत सगळ्याच दुकानांना आतल्या माणसांची संख्या मर्यादित ठेवावी लागली. साथ ओसरली, अनेक ठिकाणी मर्यादा राहिली. त्यामागे हिशेब आहे. बेन अँड कंपनी या सल्लागार कंपनीच्या २०२२ च्या अंदाजानुसार वरचे २ टक्के ग्राहक चैनीच्या वस्तूंची सुमारे ४० टक्के खरेदी करतात. म्हणजे दुकानाच्या बाजूनं बघितलं तर रांगेतली बहुतेक माणसं ही गर्दीच. त्याच वर्षी शनेल या फ्रेंच ब्रँडनं जाहीर केलं की आपल्या सर्वांत मोठ्या ग्राहकांसाठी वेगळी खासगी दुकानं काढू, सुरुवात आशियात.

पॅरिसमध्ये एर्मेस या ब्रँडच्या दुकानात चामड्याच्या बॅगा बघायच्या असतील तर आदल्या दिवशी ऑनलाइन अर्ज करायचा, ओळखपत्राच्या तपशिलासह. संध्याकाळी निरोप येतो, बहुतेकांना नकाराचा. सोडतीत नाव निघालं तरी हवी ती बॅग दाखवतीलच असं नाही. नाव निघालं ते भेटीचं. या कंपनीवर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दावाही झाला: बर्किन ही त्यांची प्रसिद्ध बॅग मिळावी म्हणून आधी इतर माल घ्यायला लावतात, असा आरोप. कंपनीनं तो नाकारला आणि न्यायालयानं दावा फेटाळला.

[दृश्य: बाँ मार्शेचा दर्शनी भाग, संध्याकाळ.]

एक गंमत राहून जाते. १९८४ मध्ये फ्रेंच उद्योगपती बर्नार्ड आर्नो यांनी बुसाक हा डबघाईला आलेला उद्योगसमूह घेतला. त्याच्या पोटात दिओर हा फॅशन ब्रँड होता आणि हे बाँ मार्शेही. आज दोन्ही आर्नो यांच्या एलव्हीएमएच या समूहाकडे आहेत. उघडं दार आणि मखमली दोरी, मालक एकच.

[दृश्य: रांगेतून बाहेर पडणारी माणसं. झटपट कट.]

बेनच्याच म्हणण्यानुसार २०२२ नंतरच्या दोन वर्षांत या बाजारानं जगभरात सुमारे ५ कोटी ग्राहक गमावले. मुख्य कारण वाढलेल्या किमती. दारातल्या दोरीचा त्यात वाटा किती, हे कोणी वेगळं मोजलेलं दिसत नाही.

अपॉइंटमेंटचा उपयोगही आहे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला, गर्दीनं जीव घाबरा होणाऱ्याला, लग्नाची अंगठी निवांत निवडणाऱ्या जोडप्याला ठरलेली वेळ मिळणं ही मोठीच सोय.

[दृश्य: दुरुस्तीचा काउंटर. भिंग, घड्याळाचा सुटा पट्टा.]

ज्यांना तेवढी निकड नाही, फक्त डोकावायचंय, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. आठवड्याच्या मधल्या वारी, दुकान उघडता उघडता गेलात तर अनेक ठिकाणी वेळ न घेताही सोडतात. विचारावं लागतं, आपणहून कोणी सांगत नाही. आणि त्याच ब्रँडची जुनी वस्तू घरात असेल, घड्याळाचा पट्टा घालायचाय, बॅगेची चेन अडकतेय, तर ती बरोबर घ्या. दुरुस्तीच्या माणसाला पुष्कळ ठिकाणी रांगेत उभं करत नाहीत. हा काउंटर बहुधा सगळ्यात मागे नाहीतर वरच्या मजल्यावर असतो. तिथवर जाऊन येईपर्यंत अख्खं दुकान बघून होतं.