पालथा करून पाहा: जर्मन जखमी बिल्ल्याची पारख

[काळ्या कापडावर एक लंबगोल बिल्ला]

मधे पोलादी शिरस्त्राण, त्यामागे एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी, भोवती लॉरेलच्या पानांचं कडं. जर्मन सैन्यात जखमी झालेल्या सैनिकाला हा बिल्ला मिळे. कैसर विल्हेल्मने तो मार्च 1918 मध्ये सुरू केला. 1 सप्टेंबर 1939 ला, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, हिटलरने तो परत आणला. या वेळी शिरस्त्राणावर नाझी स्वस्तिक होतं. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना रुपेरी, पाच किंवा जास्त असतील तर सोनेरी. हात, पाय किंवा डोळा गेला, तर एकाच जखमेवर रुपेरी.

विकणारा तुम्हाला समोरची बाजू दाखवील. तुम्ही बिल्ला पालथा करा.

[बिल्ल्याची मागची बाजू, टाचणी आणि बिजागरी]

काळा बिल्ला पत्र्याचा, ठशाखाली दाबून काढलेला. म्हणून तो मागून पोकळ असतो, आणि तलवारींचा, पानांचा उठाव तिथे खोलगट उमटलेला दिसतो. रुपेरी आणि सोनेरी सहसा भरीव. आता भिंग घ्या आणि पुन्हा समोर या. शिरस्त्राणाभोवती बारीक दाणे आहेत. ठशाच्या कामात दाणा न् दाणा सुटा उभा राहतो. ओतीव नकलेत ते एकमेकांत विरघळतात, आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाडलेली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात.

मग धातू. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीचे काळे बिल्ले पितळेचे. रंग झिजला की खालून पिवळं डोकावतं. युद्ध लांबलं, तांब्याची चणचण झाली, तेव्हा काळे पोलादी पत्र्याचे आणि वरचे दोन्ही दर्जे जस्ताचे होऊ लागले. पोलादाला चुंबक चिकटतो. जस्तावरचा मुलामा टिकत नाही, त्यामुळे कितीतरी अस्सल सोनेरी बिल्ले आज करडे पडलेत. जस्ताचा लखलखीत सोनेरी बिल्ला समोर आला की मी तरी घाई करत नाही.

बिल्ला बनवणाऱ्याच्या शिक्क्यावर फार भिस्त ठेवू नका. 'एल/11' म्हणजे ल्यूडनशाइडचा विल्हेल्म डॉयमर, 30 म्हणजे व्हिएन्नाची टाकसाळ, हे नकली माल बनवणाऱ्यालाही पाठ असतं. उलट पुष्कळ अस्सल बिल्ल्यांवर शिक्काच नसतो.

स्वस्तिक नसलेला, पण 1939 च्या बिल्ल्यावरच्या नव्या घडणीच्या शिरस्त्राणाचा बिल्ला दिसला, तर तो पश्चिम जर्मनीने स्वस्तिकाविना जुनी पदकं लावायला परवानगी दिली, त्या 1957 च्या कायद्यानंतरचा. माजी सैनिकांसाठी केलेला, खरा. पण युद्धकाळातला नव्हे.

20 जुलै 1944 ला हिटलरला मारण्यासाठी घडवलेल्या बॉम्बस्फोटात त्याच्याबरोबर सापडलेल्या मोजक्या लोकांसाठी बर्लिनच्या युंकर कंपनीने चांदीचे खास बिल्ले घडवले. त्यांवर ती तारीख आणि हिटलरची सही आहे. असा बिल्ला कुणी सहज पुढे केला, तर तो नकली धरूनच चाला.

शक्यतो बिल्ला प्रमाणपत्रासकट घ्या. त्यावर सैनिकाचं नाव, हुद्दा, तुकडी आणि जखमेची तारीख असते. कागदही बनावट निघतात, म्हणून अंधारात अतिनील दिव्याखाली धरून पाहा. युद्धानंतरच्या कागदांत पांढरेपणासाठी घातलेलं रसायन निळसर चमकतं.

[दिवा लागतो]

आमचा कागद चमकला नाही. मातकट, पिवळाच राहिला.